'आदळतो' म्हणजे नेमका कुठे? एचएच १५४ वरचे दोन पेपर वाचताना

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझं प्रगती-सादरीकरण होतं. तिसऱ्याच स्लाइडवर मी एक वाक्य टाकलं होतं: 'तरुण ताऱ्यातून निघालेला जेट भोवतालच्या आंतरतारकीय वायूवर आदळतो, वायू तापतो आणि त्यातून एक्स-रे बाहेर पडतात.' खाली एचएच १५४ चं चित्र. समितीतल्या एका सरांनी हात वर करून शांतपणे विचारलं, "या चित्रात तो कुठे आदळतोय ते बोटाने दाखव बरं."

मी जेटच्या टोकाकडे लेझर नेला. ते म्हणाले, "आणि एक्स-रे कुठे आहेत?" एक्स-रेचा ठिपका दुसऱ्याच टोकाला होता. ताऱ्याजवळ, म्हणजे जेट जिथून सुरू होतो तिथे. माझ्याच चित्रात माझंच वाक्य खोटं पडत होतं आणि ते चित्र मी किमान वीस वेळा तरी पाहिलं असेल.

त्या दिवसाची लाज अजून थोडी शिल्लक आहे, म्हणून ही पोस्ट. तुमच्यापैकी बरेच जण नेट, गेट, जेस्टच्या तयारीत आहात किंवा एखाद्या संस्थेत प्रोजेक्ट करताय. तुम्हाला लवकरच कुणीतरी सांगेल, 'हे दोन पेपर वाचून ये.' वाचणं म्हणजे अ‍ॅब्स्ट्रॅक्ट आणि आकृत्या पाहणं नव्हे हे सगळेच सांगतात. मग वाचणं म्हणजे काय, हे मात्र फारसं कुणी करून दाखवत नाही. म्हणून आज दोन पेपर समोर ठेवून वाचू या. दोन्ही २०११ सालचे, दोन्हींत तीच वस्तू आणि तोच चंद्रा दुर्बिणीचा डेटा. निष्कर्ष मात्र तंतोतंत सारखे नाहीत.

आधी थोडी पार्श्वभूमी. हर्बिग-हारो वस्तू (यापुढे नुसतं एचएच) म्हणजे तरुण ताऱ्यांच्या जवळपास दिसणारे चमकते वायूचे पुंजके. ते म्हणजे शॉक, म्हणजे धक्कालहरीने तापलेला वायू, ही कल्पना १९७० च्या दशकात रुजली. १९८१ मध्ये हर्बिग आणि जोन्स यांनी एचएच १ आणि एचएच २ परस्परविरुद्ध दिशांना पळतायत हे मोजून दाखवलं, आणि मधल्या ताऱ्यातून दोन बाजूंना फेकल्या जाणाऱ्या जेटचं चित्र पक्कं होत गेलं. पण हे सगळं दृश्य प्रकाशातलं. तिथल्या वर्णरेषा सांगतात की शॉकचा वेग साधारण सेकंदाला ५० ते १०० किलोमीटर आहे. एवढ्या शॉकमधून एक्स-रे यायला नकोत.

का नकोत? हा हिशेब पाठच करून ठेवा, मुलाखतीत उपयोगी पडतो. जोरदार शॉकच्या मागे आयनीभूत वायूचं तापमान वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. सेकंदाला १०० किलोमीटरला सुमारे १.४ लाख केल्विन. २५० ला साधारण नऊ लाख. ५०० ला सुमारे ३५ लाख. चंद्राचा डिटेक्टर साधारण अर्ध्या किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वरचे फोटॉन नीट पकडतो. दहा लाख केल्विनला सरासरी औष्णिक ऊर्जा त्याच्या एक-षष्ठांशाच्या आसपास येते. म्हणजे दहा लाखाचा वायू चंद्राला दिसतो तो फक्त त्याच्या शेपटातून, वितरणाच्या टोकाला असलेल्या मोजक्या जोरकस फोटॉनमधून. ही 'शेपटा'ची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिनेच घोळ होतो.

तर २००१ मध्ये प्राव्दो आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये जाहीर केलं की एचएच २ मधून एक्स-रे येतात. तापमान सुमारे दहा लाख केल्विन. फोटॉन किती? दहाच्या आसपास. हो, दहा! आमच्या जर्नल क्लबमध्ये हे पहिल्यांदा ऐकून एक ज्युनिअर म्हणाली, "ताई, एवढ्यावर नेचर?" एवढ्यावर नेचर, कारण तिथे पार्श्वभूमी जवळजवळ शून्य होती, आणि रिकाम्या आकाशात एकाच ठिकाणी दहा फोटॉन पडणं हा योगायोग नसतो. अस्तित्व सिद्ध करायला दहा पुरतात. तापमान, आकार, रचना सांगायला पुरत नाहीत. एकाच डेटातून दोन प्रश्न विचारले तर एकाचं उत्तर भक्कम येऊ शकतं आणि दुसऱ्याचं लेचंपेचं.

एचएच २ मध्ये एक्स-रे सापडले ते वस्तूच्या पुढच्या कडेला किंवा तिच्या जवळ. तिथे माझं स्लाइडवरचं वाक्य चालेल. जेट खरंच समोरच्या वायूवर आदळतोय आणि तिथेच तापतोय. गडबड अशी की हे वाक्य एका वस्तूवरून शिकायचं आणि सगळ्यांना चिकटवायचं.

आता एचएच १५४. वृषभ तारकासमूहातल्या एल१५५१ या काळ्या मेघात आयआरएस ५ नावाचा आदितारा आहे. (खरं तर तिथे जोडी आहे.) अंतर सुमारे १४० पार्सेक. याच मेघात १९८० मध्ये स्नेल, लोरेन आणि प्लॅम्बेक यांनी कार्बन मोनॉक्साइडच्या रेषेतून दोन बाजूंना पसरलेला रेणूवायूचा प्रवाह दाखवला होता, त्या प्रकारातला नीट ओळखला गेलेला पहिलाच. त्याची प्रत्येक बाजू अर्ध्या पार्सेकच्या घरातली, म्हणजे लाखभर खगोलीय एकक. भोवतालचा वायू ढकलला जातोय तो इतक्या मोठ्या पट्ट्यात. आणि एक्स-रे? ताऱ्यापासून शंभरेक खगोलीय एककांवर. हजारपट जवळ.

फावाता आणि सहकाऱ्यांना २००२ मध्ये एक्सएमएम-न्यूटनच्या डेटात इथे एक्स-रे सापडले. तापमान सुमारे ४० लाख केल्विन आणि एक्स-रे शक्ती सेकंदाला सुमारे ३ गुणिले दहाचा २९ वा घात अर्ग, म्हणजे सूर्याच्या एकूण शक्तीचा तेरा हजारावा भाग धरा. त्या पेपरमधली मला सर्वांत आवडलेली गोष्ट तापमान नाही, शोषण आहे. एक्स-रेच्या वाटेतल्या वायूचं मोजमाप निघालं ते दृश्य प्रकाशात सुमारे ७ मॅग्निट्यूडच्या अंधुकपणाइतकं. ताऱ्याकडे पाहताना मात्र अंधुकपणा १५० मॅग्निट्यूडच्या आसपास. म्हणजे हे एक्स-रे थेट ताऱ्यातून येत असते तर वाटेतच गिळले गेले असते. दुर्बिणीला ठिपका वेगळा दिसण्याआधीच 'हे ताऱ्याचे नाहीत' असं भौतिकशास्त्राने सांगून टाकलं. पुढे चंद्राच्या अर्ध्या आर्क-सेकंदाच्या नजरेने बॅली, फायगेलसन आणि रायपुर्थ यांनी २००३ मध्ये ठिपका ताऱ्यापासून अर्धा ते एक आर्क-सेकंद बाजूला दाखवला. १४० पार्सेकवर एक आर्क-सेकंद म्हणजे १४० खगोलीय एकक.

चंद्राने इथे तीन वेळा पाहिलं: २००१, २००५, २००९. २००५ च्या निरीक्षणानंतर फावातांच्या गटाने सांगितलं की ठिपक्याला आता एक शेपूट दिसतंय, जेटच्या दिशेने लांबलेलं, आणि चार वर्षांतली वाढ सेकंदाला काहीशे किलोमीटर वेगाशी जुळते. म्हणजे जेटसोबत धावणारा गरम गोळा! त्याआधी २००४ मध्ये बोनिटो आणि सहकाऱ्यांनी संगणकावर असा जेट चालवून दाखवला होताच. त्यात भोवतालचा वायू जेटपेक्षा दहापट दाट, आणि शॉकमागे एक्स-रे देणारा पुंजका जेटच्या दिशेने सरकत जातो. सिद्धांताने आधी सांगितलं, निरीक्षणाने मग दाखवलं. असं जमून आलं की आपल्याला फार बरं वाटतं, आणि नेमकं तेव्हाच सावध व्हायचं.

कारण २००९ आलं.

श्नायडर, ग्युंटर आणि श्मिट यांचा पेपर, नावातच 'पझल' हा शब्द. त्यांनी तिन्ही निरीक्षणं आणि आधीचा डेटा एकत्र घेऊन चार गोष्टी म्हटल्या. एकूण एक्स-रे शक्ती जवळजवळ दशकभर तीच आहे. बहुतेक फोटॉन प्रत्येक वेळी ताऱ्याजवळच सापडतात. ताऱ्यापासून लांब जाल तसतशी फोटॉनची ऊर्जा कमी होते, म्हणजे वायू थंड होत जातो. आणि जेटच्या आडव्या दिशेने हा भाग चंद्रालाही उलगडता येत नाही इतका अरुंद आहे.

धावणाऱ्या गोळ्याचं काय झालं? हिशेब स्वतः करा. सेकंदाला ५०० किलोमीटर म्हणजे वर्षाला शंभराहून थोडे जास्त खगोलीय एकक. जेट आपल्याकडे साधारण ४५ अंशांत कललेला धरला तर आकाशावर हे वर्षाला अर्धा आर्क-सेकंद दिसेल. आठ वर्षांत चार आर्क-सेकंद. चंद्राच्या दृष्टीने हे मैलभर. मुख्य ठिपका मात्र जागचा हललेला नाही. एकच गोळा धावत असेल ही शक्यता इथे संपते.

पण 'एकच' या शब्दाकडे बघा. श्नायडर यांच्या पेपरचा कल तळाशी उभ्या असलेल्या स्थिर शॉककडे आहे, तरीही ते दुसरं दार उघडं ठेवतात: नवनवे गोळे पुरेशा नियमितपणे निघत असतील तर जेटच्या आतल्या शॉकनीही हेच चित्र दिसेल. हे वाचून मला आमचा तालुक्याचा एसटी स्टँड आठवला. आठ वर्षांत तीनदा गेलात आणि तिन्ही वेळा फलाट दोनवर गाडी उभी होती, तर गाडी बिघडून तिथेच पडून आहे असंही म्हणता येईल किंवा सेवा नियमित आहे असंही. तीन भेटींत ठरत नाही. चार-चार वर्षांच्या अंतराने काढलेल्या तीन फोटोंतून दोन-तीन वर्षांची आवर्तनं पकडता येत नाहीत. पेपर हे कबूल करतो, हा माझ्या मते त्याचा सर्वांत मोठा गुण. (घाईत वाचणाऱ्याला वाटतं की लेखकांना काही ठरवताच आलं नाही. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं.)

त्याच वर्षीचा दुसरा पेपर बोनिटो आणि सहकाऱ्यांचा, पालेर्मो गटाचा. शीर्षकात 'डायमंड शॉक'चा पहिला पुरावा, आणि शेवटी प्रश्नचिन्ह. रॉकेटच्या किंवा लढाऊ विमानाच्या धुराड्यामागे ज्वालेत चमकत्या हिऱ्यांची माळ दिसते, तुम्ही व्हिडिओत पाहिली असेल. नॉझलमधून वेगाने बाहेर पडणारा वायू बाहेरच्या दाबाशी जुळवून घेताना आवळतो, फुलतो, आणि ठरावीक जागी स्थिर शॉक उभे राहतात. वायू त्यातून वाहून जातो, शॉक जागेवरच. बोनिटोंनी जेटला असंच एक नॉझल दिलं, उष्णतावहन आणि किरणोत्सर्गाने होणारी ऊर्जाहानी धरली, आणि नॉझलच्या तोंडाशी एक स्थिर एक्स-रे ठिपका मिळवला. त्याची शक्ती आणि वर्णपट निरीक्षणाशी 'उत्कृष्ट' जुळतो असं ते म्हणतात.

कल्पना सुंदर आहे. इतकी, की मी नोट्समध्ये लिहून घेताना शीर्षकातलं प्रश्नचिन्ह गाळलं होतं, हे सहा महिन्यांनी लक्षात आलं.

आता माझी तक्रार. पहिली, 'उत्कृष्ट जुळतो' याबद्दल. डेटात फोटॉन इतके थोडे असतात की वर्णपटात दोनच गोष्टी नीट बसवता येतात, तापमान आणि शोषण, आणि त्या दोघीही एकमेकींत अडकलेल्या. शोषण थोडं वाढवा, तापमान थोडं कमी करा, आलेख तोच. अशा डेटाशी जुळणं ही सोपी परीक्षा आहे. धावता गोळाही २००५ पर्यंत याच परीक्षेत पास होता! मॉडेल जुळलं हे वाचलं की लगेच स्वतःला विचारा: दुसरं कुठलं मॉडेल जुळलं नसतं? उत्तर 'बरीच जुळली असती' असेल तर 'उत्कृष्ट' या शब्दाचं वजन कमी करून वाचा.

दुसरी तक्रार जास्त खोलवरची. नॉझल हे या गणनेचं उत्तर नाही, ते तिच्यात घातलेलं आहे. शॉक स्थिर आहे कारण नॉझल स्थिर आहे. शॉक त्या जागी आहे कारण नॉझल त्या जागी ठेवलंय. म्हणजे निरीक्षणातली जी दोन वैशिष्ट्यं समजावून द्यायची होती, जागा आणि स्थिरता, ती मॉडेलच्या सीमेवरच्या अटीतून आली. लेखकांनी हे लपवलेलं नाही. नॉझलची जागा आणि आकार यांचा संबंध जेट जिथे आवळला जातो त्या जागेशी असेल असं ते सुचवतात. पण ताऱ्याभोवती धातूचं धुराडं कुणी बसवलेलं नसतं. आवळणारं काहीतरी खरं असायला हवं, आणि तो पेपर निव्वळ द्रवगतिकीचा आहे, त्यात चुंबकीय क्षेत्र नाही.

तक्रार करून थांबलो तर टीका अर्धी राहते, म्हणून पुढचं सांगते. २०१६ मध्ये उस्तामुयिच आणि सहकाऱ्यांनी (यात पालेर्मोची मंडळीही आहेत) चुंबकीय क्षेत्र धरून तेच पुन्हा केलं. जेटच्या अक्षाला समांतर, काही मिलिगॉसचं क्षेत्र असेल तर धातूच्या नॉझलशिवायही जेट आवळतो आणि एक्स-रे देणारा स्थिर शॉक उभा राहतो. मधल्या काळात, २०१४ मध्ये, 'सायन्स'मध्ये अल्बर्टाझी आणि सहकाऱ्यांनी लेझरने तापवलेला प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्रात सोडून प्रयोगशाळेतही असं आवळणं दाखवलं होतं. म्हणजे २०११ मध्ये उसना घेतलेला एक तुकडा नंतर भौतिकशास्त्राने फेडला. माझी दुसरी तक्रार त्यामुळे बरीच मवाळ झाली. पहिली नाही.

श्नायडर यांच्या पेपरलाही सोडायचं नाही. त्यांच्या चार मुद्द्यांतला तिसरा, लांब जाताना फोटॉनची ऊर्जा कमी होणं, मला अडतो. ताऱ्याजवळ वायू-धूळ दाट. दाट पडदा मऊ म्हणजे कमी ऊर्जेचे फोटॉन आधी खातो. मग ताऱ्याजवळून येणाऱ्या फोटॉनची सरासरी ऊर्जा जास्त दिसणारच, तापमान सगळीकडे सारखं असलं तरी. पेपरने वायू थंड होण्याची बाजू घेतली आहे. मला ती बाजू पटते, पण ऊर्जेच्या कलामुळे नाही. कारण वेगळं आहे, आणि ते साध्या कागदावर निघतं.

काढू या. एक्स-रे शक्ती म्हणजे घनतेचा वर्ग गुणिले आकारमान गुणिले वायूची उत्सर्जनक्षमता. ४० लाख केल्विनला उत्सर्जनक्षमता सीजीएस एककांत सुमारे २ गुणिले दहाचा उणे २३ वा घात धरा. शक्ती वर दिलीच आहे. म्हणजे घनतेचा वर्ग गुणिले आकारमान येतं सुमारे १.५ गुणिले दहाचा ५२ वा घात. आता घनता घनसेंटिमीटरला दहा हजार कण धरली तर घनाची बाजू येते ३५ खगोलीय एकक. हजार धरली तर १६५. यातलं खरं कोणतं हे एक्स-रे शक्ती सांगत नाही, ती फक्त गुणाकार सांगते. पण चौथा मुद्दा आठवा: आडव्या दिशेने उलगडत नाही, म्हणजे रुंदी साधारण ७० खगोलीय एककांच्या आत. ते आकारमानात घातलं की घनता साडेतीन हजारांच्या वर यायला लागते. मला वाटतं त्या पेपरमधला सर्वांत कामाचा आकडा हा 'न दिसलेला' रुंदीचा आकडा आहे, आणि अ‍ॅब्स्ट्रॅक्टमध्ये तो शेवटच्या जागी बसलाय.

आता थंड होण्याचा वेळ. या घनतेचा ४० लाख केल्विनचा वायू नुसता प्रकाश टाकून थंड व्हायला शेकडो वर्षं लागतील. दहा हजार घनतेला अडीचशेच्या आसपास, त्याहून विरळ असेल तर जास्त. तेवढ्यात सेकंदाला ५०० किलोमीटरने तो पंचवीस हजार खगोलीय एककांहून लांब गेलेला असेल. पण एक्स-रे तर काही आर्क-सेकंदांत, म्हणजे काहीशे एककांत विझतात! प्रकाश टाकून थंड होण्याने हे होऊच शकत नाही. वायू फुलतोय, पसरतोय, आणि पसरताना थंड होतोय. घनता अर्धी झाली की त्याच आकारमानातून येणारा प्रकाश चौथाई होतो, वर तापमानही उतरतं. शोषणाचा पडदा काहीही करत असो, थंड होणं टाळता येत नाही. हा युक्तिवाद वर्णपटाच्या बारीक आकारावर टेकलेला नाही, म्हणून मला तो जास्त भरवशाचा वाटतो.

आणि इथे ती शेपटाची गोष्ट परत येते. एचएच १५४ च्या वाटेतलं शोषण एक किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टच्या खालचं बहुतेक सगळं खाऊन टाकतं. तिथे दहा लाख केल्विनचा वायू असता, भरपूर असता, तरी चंद्राला जवळजवळ दिसला नसता. त्यामुळे 'एक्स-रे इथे संपतात' याचा अर्थ 'गरम वायू इथे संपतो' असा घ्यायचा नाही. एचएच २ चा वायू दहा लाखांचा आणि एचएच १५४ चा चाळीस लाखांचा अशी तुलना करणारे तक्ते तुम्हाला भेटतील. मीही एक बनवला होता. त्यात वस्तूंमधला फरक किती आणि पडद्याचा किती, हे वेगळं काढल्याशिवाय तक्ता चिकटवायचा नाही.

ज्यांना हा डेटा स्वतः उघडायचाय त्यांच्यासाठी थोडं. चंद्राचं संग्रहालय सगळ्यांसाठी खुलं आहे, तिन्ही निरीक्षणं घरी बसून उतरवता येतात. पण २००१ आणि २००९ ची चित्रं शेजारी ठेवून लगेच 'अंधुक झालं' म्हणू नका. एसीआयएस कॅमेऱ्याच्या गाळणीवर वर्षानुवर्षं मळाचा थर चढत गेलाय आणि तो नेमके मऊ फोटॉन अडवतो. दुरुस्ती धरूनच तुलना करायची. 'शक्ती दशकभर तीच' या विधानामागे हे कंटाळवाणं काम उभं आहे. आणि अ‍ॅस्ट्रोसॅटने का पाहत नाही, हा प्रश्न मला दर वेळी येतो. टीआयएफआरमध्ये बनलेल्या त्याच्या एसएक्सटी दुर्बिणीची नजर मिनिटभराच्या पटीतली आहे, आणि इथे लागते अर्ध्या सेकंदाची. तारा, जेट, शेजारचे तारे, सगळं एकाच डागात मिसळेल. उपकरण चांगलं की वाईट असा हा प्रश्नच नाही, प्रश्न त्याला झेपणारा असावा लागतो.

आपल्याकडून या विषयाला हात घालायचाच तर रेडिओतून. एचएच ८०-८१ हा एका जड आदिताऱ्याचा जेट. त्याच्यातून येणारा रेडिओ प्रकाश ध्रुवीकृत आहे, म्हणजे तिथे चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेणारे वेगवान इलेक्ट्रॉन आहेत, हे २०१० मध्ये कारास्को-गोन्झालेझ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. सरिता विग आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये खोडदच्या जीएमआरटीने कमी वारंवारतेवर त्याच जेटमधलं अ-औष्णिक उत्सर्जन मोजलं. हे वाचल्यापासून माझ्या डोक्यात एक खडा टोचतोय. वरचा सगळा हिशेब एक्स-रे औष्णिक आहेत असं धरून केलाय: वेगावरून तापमान, तापमानावरून घनता. एचएच ८० मधल्या जोरकस एक्स-रेचा काही भाग औष्णिक नसावा असं लोपेझ-सांतियागो आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये मांडलंय. एचएच १५४ च्या तळाशीही थोडासा तसा वाटा असेल तर साठ-सत्तर फोटॉनच्या वर्णपटात तो वेगळा दिसेल का? मी नकली वर्णपट बनवून तपासायला सुरुवात केली आहे. पहिल्या फेरीत एक-पंचमांश अ-औष्णिक वाटा मिसळला, आणि फिटिंगच्या प्रोग्रामने कुरकूर न करता थोडं जास्त तापमान सांगून मोकळं केलं.

ती स्लाइड अजून माझ्या लॅपटॉपवर आहे. वाक्य बदललंय: 'जेट आवळला जातो तिथे स्थिर शॉक असावा, किंवा जेटमधले नवे वेगवान गोळे पुढच्या संथ वायूला गाठत असावेत.' सरांना परवा दाखवली. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "या दोन्हींत फरक करायला किती दिवसांच्या अंतराने पाहावं लागेल?" त्या उत्तरावर सध्या काम सुरू आहे.